बंद तोंडाचा आवाज

डायनासोरने तोंड उघडलं आणि मगरबाईंचं डोकं फिरलं.

ते तोंड उघडणार याची कुणकुण त्यांना आधीच लागली होती. दोन माणसं शिडी घेऊन आली होती आणि चौकशी केली तेव्हा "साफसफाई चाललीय" असं उत्तर मिळालं होतं. साफसफाईला कोणी वायरींची भेंडोळी घेऊन जबड्यात शिरतं का? पण मोटार बसली तर बसली, जबडा थोडा हलला तर हलला, असं म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला होता. आज नव्या दालनाची पहिली चाचणी होती. काचेच्या छताखाली ते धूड उभं होतं. पोटरीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याचा एकेक स्नायू मगरबाईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला. संचालक साहेबांनी खांबावरचं लाल बटण दाबलं. जबडा वासला गेला आणि आतून बाहेर पडली चक्क सिंहाची डरकाळी. तिच्या मागे थोडा हत्ती. आणि हत्तीच्याही मागे, कान असलेल्याला सहज ओळखू येईल असं, फरशीवरून ओढलेलं लोखंडी कपाट.

"कसं वाटतंय?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू ती डरकाळी त्यांनी स्वतःच फोडली होती.

"छान. आता अंगावर बिबट्याचे ठिपके काढा," मगरबाई म्हणाल्या. "शेपटीला घोड्याचे केस लावा. पाठीवर मोराचा पिसारा. सगळं एकदमच होऊन जाऊ दे."

साहेब हसले. न पटलेलं बोलणं विनोद समजून हसण्यावारी न्यायची त्यांना सवय होती, आणि त्या सवयीवर ते बरेच वर चढले होते.

मगरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. संग्रहालयातला जीवाश्मांचा विभाग त्या सांभाळायच्या. ऐन तरुणपणातली वर्षं त्यांनी मगरींच्या तळ्याकाठी रेकॉर्डर घेऊन बसण्यात घालवली होती, त्यामुळे शिपायांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे मगरबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. तोंडावर म्हणाले असते तरी त्यांनी खुशाल ओ दिली असती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "सिंह या प्राण्याचा कोण लागतो?"

"कोण म्हणजे?"

"नात्याने हो. काका, मामा, आत्तेभाऊ, कोणीतरी?"

आजूबाजूला उभे असलेले सुतार, रंगारी, विजेची कामं करणारे, सगळे हातातलं काम थांबवून ऐकू लागले. मगरबाईंचं भांडण म्हणजे फुकटचा तमाशा असायचा.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "एखादा माणूस आपण कधी पाहिलाच नाही, तो आपल्या आधीच गेला. त्याचा स्वभाव कसा होता हे कोणाला विचाराल? त्याच्या चुलतभावाला विचाराल, त्याच्या नातवंडांना विचाराल. एकच खोड दोन्हीकडे दिसली, तर ती त्यालाही असणार असं म्हणाल. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जाऊन नाही विचारणार. डायनासोरचे चुलतभाऊ म्हणजे मगरी, आणि नातवंडं म्हणजे पक्षी. मगरीचं हृदय चार कप्प्यांचं, पक्ष्याचंही चार कप्प्यांचं, म्हणून याचंही तसंच असणार असं तुम्ही फलकावर लिहिलंत. याचं हृदय पाहिलंय कोणी? मगर अंडी राखते, पक्षी अंडी राखतात, म्हणून याच्या पायाशी आपण घरटं केलं. तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. मग आवाजाच्या वेळेलाच सिंहाच्या दारात कशाला गेलात?"

"बरं, मग याचा आवाज कसा होता म्हणता?"

"तोंड मिटून काढलेला. मगर पाण्यात अंग फुगवून घुमते तेव्हा जबडा जवळजवळ मिटलेला असतो. तो आवाज इतका खालचा असतो की पाठीवरचं पाणी थरथरून उडतं. शहामृगाचा नर गळा फुगवून घुमतो, चोच मिटून. लांब कशाला जाता, खिडकीतलं कबूतर बघा."

"म्हणजे आमचा डायनासोर कबुतरासारखा गुटर्र गू करणार?"

यावर सगळेच हसले, रंगारी तर शिडीवरून पडता पडता वाचला. मगरबाईही हसल्या, कारण विनोद वाईट नव्हता.

"घराएवढं कबूतर काळोखात तुमच्या मागे उभं राहून घुमायला लागलं, तर हसाल का?"

साहेबांनी हसू आवरलं आणि त्यांना बोलण्यातली फट सापडली. "तुम्हाला खात्री आहे? अगदी शंभर टक्के?"

इथे कोणीही शहाण्या माणसाने 'हो' म्हटलं असतं आणि विषय मिटवला असता. पण मगरबाईंना खरं बोलण्याचं जुनं दुखणं होतं. त्या म्हणाल्या, "नाही. शंभर टक्के नाही. चिमणी तोंड उघडूनच ओरडते. मगरही फिस्कारताना जबडा वासते. पक्ष्याचा आवाज छातीतून येतो, मगरीचा गळ्यातून. हृदयाचं जितकं पक्कं सांगता येतं, तितकं आवाजाचं नाही सांगता येत. पण मोठ्या अंगाचे पक्षी पाहिले तर..."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "तुमचाही अंदाज, आमचाही अंदाज. दोन्हींतला ऐकायला बरा असेल तो घ्यायचा."

मगरबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक अंदाज तळ्याकाठी चिखलात बसून, नातेवाइकांच्या दारोदार फिरून, उणंदुणं तपासून बांधलेला. दुसरा सिनेमा बघून उचललेला. आणि हा माणूस दोन्ही एकाच तागडीत टाकून मोकळा झाला! कारण काय, तर पहिल्याने आपलं उणं स्वतः कबूल केलं आणि दुसऱ्याला उणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

डायनासोरच्या पुढ्यातल्या फलकाच्या तळाशी एक पितळी पट्टी होती. 'शास्त्रीय मार्गदर्शन' असं लिहून पुढे मगरबाईंचं नाव कोरलेलं. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. "या डरकाळीखाली हे नाव राहणार नाही."

साहेबांचं हसू तेवढ्यापुरतं मावळलं. त्या नावाच्या जोरावर त्यांनी गावभर 'शास्त्रशुद्ध डायनासोर' अशी जाहिरात केली होती. "नाव काढलंत तर दालनही सुटेल तुमच्या हातून," ते सावकाश म्हणाले. "मग इथल्या एका दगडालाही हात लावता येणार नाही. विचार करा. पुढच्या आठवड्यात विश्वस्त येतायत. दोन्ही आवाज त्यांना ऐकवू, ते ठरवतील. मग तर झालं?"

"झालं," मगरबाई म्हणाल्या.

घरी जेवताना त्यांनी हे सगळं सांगितलं. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. पाणी जिकडे उतार तिकडे जातं, यावर त्याचा विश्वास होता आणि माणसांनीही तसंच वागावं असं त्याला वाटे.

"अगं, डरकाळी तर डरकाळी," तो म्हणाला. "तो प्राणी काही तक्रार करायला येणार आहे का? इतकी वर्षं खपून उभं केलेलं दालन तुझं. एका भोंग्यासाठी त्यावर पाणी सोडतेस?"

"तो तक्रार करू शकत नाही म्हणूनच," मगरबाई म्हणाल्या. "मेलेल्याच्या तोंडात कोणीही काहीही घालावं? त्याचं नातं सांगणारी मी एकटीच आहे तिथे."

"उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने पटकन खाली मान घातली आणि तो मुकाट्याने जेवू लागला. या घरात सासरे आयुष्यभर ओरडले होते. पेपर मिळाला नाही म्हणून ओरडले, मिळाला तर त्यात छापलं काय म्हणून ओरडले. त्यांना कोणी कधी भ्यालं नाही, मांजरसुद्धा जागची उठायची नाही. सासूबाई मात्र ओठ न उघडता नुसतं "हं" म्हणायच्या आणि अख्खं घर सुतासारखं सरळ व्हायचं. ते "हं" कानाने ऐकू यायच्या आधी पोटात जाणवायचं.

मगरबाईंनी घास हातात धरून सासूबाईंकडे पाहिलं. "आई, परत म्हणा बरं."

"काय?"

"ते. हं."

"माझी थट्टा करतेस होय गं?"

"नाही हो, देवाशप्पथ. तुम्ही माझं काम सोपं करताय."

सासूबाईंनी सुनेकडे नीट निरखून पाहिलं. मग विचारलं, "तुझ्या त्या साहेबाला खात्री आहे का, डरकाळीच होती म्हणून?"

"त्याला कोणी विचारलंच नाही."

"हेच ते. जो काहीच तपासत नाही त्याला कोणी विचारत नाही, आणि जी तपासते तिला वेठीला धरतात. तू माघार घेतलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

सासूबाई न बोलल्या तर काय होईल, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मगरबाई ध्वनीच्या खोलीत गेल्या. तिथे संग्रहालयाचा ध्वनिमुद्रक बसायचा. त्याचे कान इतके तिखट होते की सगळे त्याला कानसेन म्हणत. डरकाळी त्यानेच बनवली होती आणि काल भर दालनात तिचं हसं झाल्यामुळे तो फुरंगटून बसला होता.

"या," तो तिरकस म्हणाला. "लोखंडी कपाट बघायला आलात? ते बघा कोपऱ्यात."

"कपाट सुरेख जमलं होतं," मगरबाई म्हणाल्या. "सिंहापेक्षा कपाटच जास्त पटत होतं."

कानसेनाला हसू आलं. ते दाबायला त्याने हेडफोन पुसायला घेतले. "मला साहेबांनी डरकाळी मागितली, मी डरकाळी दिली. डायनासोर काय ओरडत होता हे मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. पण कोणाला विचारायचं ते माहीत आहे."

त्यांनी पिशवीतून जुनी रेकॉर्डिंग काढली. तळ्यातली मगर, शहामृग, पाणथळीतला एक बगळ्याच्या जातीचा पक्षी, कबुतरं. कानसेनाने पहिलं लावलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. दुसरं लावलं आणि त्याने खुर्ची पुढे ओढली. खरा कारागीर रुसून किती वेळ बसणार? थोड्याच वेळात दोघं लहान मुलांसारखी भांडत होती. आवाज किती खाली उतरवायचा, एवढ्या धिप्पाड अंगाला कसा घुमारा शोभेल, मध्ये श्वास किती लांब घ्यायचा. कानसेन एखादी युक्ती काढायचा आणि मगरबाई विचारायच्या, "हे चुलतभावात आहे का? नातवंडात आहे का? मग याच्यात कुठून आलं?" कानसेन कपाळाला हात लावायचा आणि ते पुसून टाकायचा.

"एक पंजा आपटल्याचा आवाज तरी घालू द्या," एकदा तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"पंजाला बोलता येत नाही. राहू दे."

दोन-तीन दिवसांनी तयार झालेला आवाज त्यांनी मोठ्या स्पीकरवर लावला. सुरुवातीला काहीच ऐकू येईना. कानसेन वाकून वायर तपासायला गेला आणि तसाच वाकलेला राहिला. टेबलावरच्या कपातला चहा थरथरत होता. मग खिडकीची काच थरथरली, मग त्याच्या बरगड्या. त्याने घाईघाईने बटण बंद केलं आणि दाराकडे पाहिलं.

"कोणी आलं होतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मला वाटलं कोणीतरी आलं." तो खुर्चीत बसला. "बाई, माझी डरकाळी म्हणजे याच्यापुढे आरडाओरडा आहे हो नुसता."

विश्वस्त आले ते दुपारी, भरपेट जेवून. चार-पाच जण होते, आणि त्यांच्यात थोरल्या अध्यक्षाबाई. त्यांचा शब्द शेवटचा. साहेबांनी आधी आपली डरकाळी ऐकवली. जबडा वासला, सिंह गरजला, हत्ती चीत्कारला, कपाट सरकलं. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर खोटं खोटं दचकून दाखवलं आणि दुसऱ्याने त्याचा फोटो काढला.

मग मगरबाईंनी जबड्याची मोटार बंद करायला सांगितली. डायनासोरचं तोंड मिटलं. मिटल्यावर तो एकदम वेगळाच दिसायला लागला. उघड्या तोंडाने तो एखाद्या दुकानाच्या पाटीसारखा दिसत होता, मिटल्या तोंडाने तो आपल्याकडे बघतोय असं वाटू लागलं. कानसेनाने आवाज सुरू केला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आवाज जमिनीतून वर आला, बुटांच्या तळव्यांतून पोटऱ्यांत चढला. फोटो काढणाऱ्याने फोन खिशात ठेवला. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात शिंपले एकमेकांवर किणकिणले. अध्यक्षाबाई छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी एकदा हळूच मागे वळून पाहिलं.

"बंद करा," त्या म्हणाल्या.

दालन शांत झालं.

"मला वाटलं, माझ्या मागे काहीतरी उभं आहे," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "आणि त्याला मी इथे आहे हे कळलंय."

मगरबाईंच्या जिवात जीव आला. आयुष्यभर ज्याच्या हाडांशी बोलत आलो तो आज पहिल्यांदा बोलला आणि समोरच्याला ते समजलं, असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. पण तो आनंद साहेबांनी फार टिकू दिला नाही.

"बघा, हाच तर मुद्दा आहे!" ते म्हणाले. "लोकांना घाबरायला आवडतं, पण मजेत. हे ऐकून पोरं रात्री झोपणार नाहीत. आया तिकिटाचे पैसे परत मागतील. डरकाळीला कशी टाळी मिळाली!"

विश्वस्तांनी माना डोलावल्या. फोटो काढणारा तर सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला, की डरकाळी कशी ओळखीची वाटते.

"तुमचं बरोबर असेल हो," अध्यक्षाबाई मगरबाईंना म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या. "पण..."

"बरोबर असेल तर हा 'पण' कुठून आला?" मगरबाईंनी विचारलं. "तुम्ही आत्ता खरोखर घाबरलात. म्हणजे तुम्हाला तो खरा वाटला. आणि खरा वाटला म्हणूनच तुम्ही त्याला घालवून देताय."

अध्यक्षाबाईंनी नजर वळवली. डरकाळी ठरली.

मगरबाईंनी कानसेनाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर उपसला, फलकापाशी जाऊन बसल्या आणि आपल्या नावाची पट्टी काढायला लागल्या. पहिला स्क्रू सहज निघाला, दुसरा हटून बसला. सगळे विश्वस्त उभे राहून बघत होते. मगरबाईंनी दात-ओठ खाऊन जोर लावला.

"याचे परिणाम समजतायत ना?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "उद्यापासून तळघर. शिंपल्यांची मांडणी करायची. या दालनाशी तुमचा संबंध संपला."

"शिंपले बरे," मगरबाई म्हणाल्या. "शिंपल्यांना कोणी डरकाळी फोडायला लावत नाही." पट्टी निघाली, ती पर्समध्ये टाकून त्या घरी गेल्या.

त्या रात्री त्या रडल्या. उगाच कशाला लपवा? ते दालन त्यांचं होतं, तो प्राणी त्यांचा होता, आणि आता त्याच्या पायाशी ठेवलेल्या अंड्यालासुद्धा त्यांना हात लावता येणार नव्हता. नवरा जवळ येऊन बसला. "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं, पण त्याने ते गिळलं, आणि संसारात त्याने केलेल्या चांगल्या कामांत हे बरंच वरचं धरायला हवं.

दालन थाटामाटात उघडलं. लोकांनी गर्दी केली. लाल बटणापुढे रांग लागायची. तळघरात शिंपले लावताना मगरबाईंना वरून डरकाळी ऐकू यायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच सिंह, तोच हत्ती, तेच कपाट. प्रत्येक वेळी त्यांचे दात शिवशिवायचे.

रविवार हा त्यांचा सुट्टीचा दिवस. पहिल्याच रविवारी त्या दारावर गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिकीट काढलं.

"बाई, तुम्ही कशाला तिकीट काढता?" दालनाचा पहारेकरी ओशाळून म्हणाला. त्याला सगळे दादा म्हणत.

"दादा, नोकर म्हणून मला आत बंदी आहे. प्रेक्षक म्हणून नाही ना?"

दादांनी थोडा विचार केला. तसं त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी तिकीट फाडून दिलं.

एका लहान मुलीने बटण दाबलं. जबडा वासला, डरकाळी झाली. मुलगी हसली आणि पुन्हा बटण दाबायला गेली.

"हा सिंह आहे," मगरबाई म्हणाल्या.

मुलीने मान वर करून पाहिलं. "हा डायनासोर आहे. एवढं पण कळत नाही?"

"अंग डायनासोरचं, आवाज सिंहाचा. तुझ्या तोंडातून तुझ्या शेजाऱ्यांचा आवाज आला तर चालेल का तुला?"

"नाही. ते घोरतात." मुलीने विचार केला. "मग याचा खरा आवाज कुठाय?"

"कोणालाच नक्की माहीत नाही. मी त्याच्या नातेवाइकांना विचारलं. मगरींना विचारलं आणि पक्ष्यांना विचारलं."

"काय म्हणाले?"

"ओठ मीट. घट्ट. आता गळ्यावर बोट ठेव आणि आतल्या आत, जमेल तेवढ्या जाड आवाजात म्हण, म्म्म्."

मुलीने गळ्यावर बोट ठेवलं. तिचे डोळे मोठे झाले. "बोटात वळवळतंय!"

"तुझं बोटात वळवळतंय. त्याचं जमिनीत वळवळत असणार."

"नक्की?"

"नक्की नाही. पण सिंहापेक्षा कितीतरी जास्त."

मुलीला हे उत्तर चाललं. मोठ्या माणसांना न चाललेलं उत्तर मुलांना बिनदिक्कत चालायचं, हे मगरबाईंच्या पुढच्या रविवारीही लक्षात आलं आणि त्याच्या पुढच्याही. मुलं आणखी मुलांना घेऊन यायला लागली. आई-बाप कौतुकाने, काही जरा कंटाळून, बाजूला उभे राहायचे. मगरबाई नात्यागोत्याची गोष्ट सांगायच्या, चुलतभाऊ कोण, नातवंडं कोण, कोणाकडून काय कळतं आणि काय कळत नाही. एका मुलाने विचारलं, की मग याचा रंग कसा कळला? त्या म्हणाल्या, "तो आम्ही ठोकून दिलाय." मुलं खदखदून हसली आणि तेव्हापासून दालनातल्या प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून विचारू लागली, हे कोणाला विचारलं आणि हे कोणी ठोकून दिलं.

ही प्रश्नांची साथ साहेबांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. एका रविवारी दादा मगरबाईंच्या जवळ आले.

"बाई, वरून हुकूम आलाय. दालनात कोणी माहिती सांगायची नाही. भाषण करायचं नाही. साहेब म्हणाले, त्यांनी तोंड उघडलं की बाहेर काढ. माझा नाइलाज आहे हो."

"तोंड उघडलं की?"

"असंच म्हणाले."

"बरं," मगरबाई म्हणाल्या. "नाही उघडणार."

त्या जाऊन डायनासोरच्या समोरच्या बाकावर बसल्या. मुलं भोवती जमली. बाईंनी ओठांकडे बोट दाखवलं, मग दादांकडे, मग मान हलवली. मुलांना सगळं समजलं. मोठ्यांनी गप्प बसवलेलं माणूस मुलांना चटकन ओळखू येतं, त्यांचा रोजचाच अनुभव असतो.

त्याच दिवशी साहेब पाहुणे घेऊन दालनात आले. दुसऱ्या कुठल्याशा संग्रहालयाची माणसं होती, त्यांनाही असाच डायनासोर हवा होता. मगरबाई बाकावर दिसताच साहेबांनी दादांकडे रोखून पाहिलं. दादांनी हाताने खूण केली, की बोलत नाहीत, नुसत्या बसल्यात.

"आणि आता," साहेब पाहुण्यांना म्हणाले, "ज्यासाठी लोक लांबून लांबून येतात ते ऐका." त्यांनी लाल बटण दाबलं.

जबडा वासला. डरकाळी फुटली आणि ती संपायच्या आतच खालून काहीतरी उठलं. आधी एका कोपऱ्यातून, मग घरट्याच्या कठड्यापासून, मग सगळीकडून. जाड, सलग, मिटल्या ओठांतला घुमारा. काही मुलांचे आवाज बारीक होते, त्यांनी हनुवट्या छातीला टेकवून ते जाड केले होते. बाजूला उभा असलेला कोणाचा तरी बाप आधी लाजला, मग त्याचाही खर्ज मिसळला. एका आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि असा काही सूर लावला की शेजारच्या काचेला हादरा बसला. डरकाळी संपली. घुमारा चालूच राहिला.

"हे काय आहे?" एका पाहुण्याने विचारलं. त्याने नकळत छातीवर हात ठेवला होता. "हे तर फारच भन्नाट आहे. हे कुठून येतंय?"

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "कोण आवाज करतंय?" ते गरजले. "दादा! कोण आहे तो? आधी बाहेर काढा त्याला!"

दादा तत्परतेने पुढे झाले. त्यांनी या मुलाकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. सगळे अगदी गरीब चेहरा करून, हाताची घडी घालून उभे होते. ते बाकापाशी गेले आणि त्यांनी मगरबाईंकडे निरखून पाहिलं. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि गळा हलके थरथरत होता. दादा साहेबांकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"साहेब, कोणाला काढू? कोणी तोंडच उघडलेलं नाही."

साहेब स्वतः एकेकाच्या पुढ्यात जाऊन बघू लागले. घुमारा त्यांच्या बुटांतून वर चढत होता. त्या भरलेल्या दालनात तेव्हा दोनच तोंडं उघडी होती. एक डायनासोरचं, मोटार अडकल्यामुळे तसंच वासलेलं, आणि दुसरं साहेबांचं.